विळ्यावरचे दोन ठिपके

"तुम्ही डोळे का मिटलेत?"

"तुमच्या डोक्यावरचा कागद मला दिसू नये म्हणून."

आमच्या ओळखीची ही पहिली दोन वाक्ये. ती उच्चारली गेली तेव्हा संस्थेच्या मागच्या अंगणात दीडशे माणसे भुरभुरत्या पावसात उभी होती आणि इमारतीला आग लागलेली नव्हती. आग लागल्यास काय करावे याची आमच्याकडे वर्षातून दोनदा रंगीत तालीम होत असे. भोंगा वाजला की हातात असेल ते घेऊन बाहेर पडायचे. माझ्या हातात चहाचा कप होता. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या उंच माणसाच्या हातात एक छापील कागद होता, आणि थेंब वाढले तसा त्याने तो डोक्यावर धरला. मी सहज वर पाहिले... आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

कागदावर विळा होता.

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "अरे देवा. तुम्ही 'अ' आहात?"

"आणि तुम्ही 'ब'. आता कृपा करून त्या कागदाची घडी घाला. चहा निवतोय, आणि मिटल्या डोळ्यांनी मला पिता येत नाही."

घडी घातल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले. त्याचे केस भिजून कपाळाला चिकटले होते, चष्म्यावर थेंब होते आणि थेंबांमागे हसू होते. हे निरीक्षण म्हणून नोंदवते. निष्कर्ष त्या दिवशी काढला नाही.

विळा म्हणजे एका दूरच्या दीर्घिकेचे आमच्यातले लाडके नाव. तिचा प्रकाश साडेदहा अब्ज वर्षांपूर्वी निघाला. वाटेत दीर्घिकांचा एक भलामोठा समूह आडवा आला. त्याच्या वस्तुमानाने भोवतालचे अवकाशच वाकलेले. त्यामुळे प्रकाशाच्या वाटाही वाकल्या, आणि एरवी जेमतेम दिसली असती ती दीर्घिका आम्हाला विळ्यासारखी ताणलेली, वीसपट उजळ दिसू लागली. याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. निसर्ग हे भिंग फुकट देतो, पण ते काचेच्या पेल्याच्या बुडासारखे असते: त्यातून सगळे मोठे दिसते, खऱ्या आकाराचे काहीच दिसत नाही. खरा आकार हवा असेल तर आधी त्या समूहात वस्तुमान कुठे आणि किती आहे याचा नकाशा बांधावा लागतो, आणि त्यातले बहुतेक वस्तुमान अदृश्य. असा नकाशा, म्हणजे मॉडेल, बांधणे हे माझे काम. त्याचेही.

विळ्याच्या मधोमध दोन तेजस्वी ठिपके शेजारी शेजारी दिसत. आमच्या संस्थेतले सर्वांत ज्येष्ठ संशोधक, म्हणजे सर, चौदा वर्षे सांगत आले होते की त्या एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिका आहेत. त्या काळातल्या दीर्घिका अशा टकरींतूनच वाढल्या. दुसरी शक्यता अशी, की ठिपका एकच आहे आणि भिंगामुळे दोनदा दिसतो. मग टक्कर नाही. मग ती एकच दीर्घिका, बाहेरून सावकाश येणाऱ्या वायूवर शांतपणे वाढणारी. तसे असेल तर तोच ठिपका समूहाच्या पलीकडच्या बाजूला तिसऱ्यांदाही दिसायला हवा. नेमका कुठे, ते मॉडेलने सांगायचे. दोन की एक, प्रश्न एवढाच होता. यात काव्य शोधू नये. मीही शोधले नव्हते.

प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या मॅडमचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता. एखादा आकडा एकदा कानावर पडला की माणूस नकळत त्याच्याकडे सरकतो, असे त्यांचे अनुभवसिद्ध मत. म्हणून त्यांची रीत अशी: दोघांनी स्वतंत्रपणे मॉडेल बांधायचे, एकमेकांचे निकाल पाहायचे नाहीत, दुसरा कोण आहे हेही शक्यतो कळू द्यायचे नाही; कागदोपत्री आम्ही फक्त 'अ' आणि 'ब'. तिसऱ्या ठिपक्याची जागा दोघांनी एकेका पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर खूण करून सीलबंद द्यायची. अकरा आठवड्यांनी नव्या अवकाश दुर्बिणीचे चित्र येणार होते. त्या दिवशी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवायचे.

आम्ही दोघे त्याच दुपारी मॅडमकडे गेलो आणि घडला प्रकार सांगितला.

"ओळख होणं हा गुन्हा नाही," त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. "पण भिंगाबद्दल एक शब्द बोललात तर दोघांचेही कागद फाडून टाकीन. बाकी जगात बोलायला विषय थोडे आहेत का?"

थोडे नव्हते. फार होते. फक्त ज्या एका विषयावर आम्हा दोघांना खरोखर काही कळत होते, तो वगळून आम्हाला बोलायचे होते. त्यामुळे दोन संशोधक एरवी जे वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत नाहीत ते आम्ही पहिल्या पंधरवड्यात सांगून टाकले. त्याला विमानाची भीती वाटते, मला कबुतरांची. त्याचे वडील घड्याळे दुरुस्त करतात आणि स्वतः कुठेही वेळेवर पोहोचत नाहीत. माझी आई फोन ठेवताना तीनदा "ठेवते" म्हणते आणि चौथ्यांदा नवा विषय काढते.

आणि तो शून्यापासून मोजतो.

"हा माझा आजचा शून्यावा कप," कँटीनमध्ये माझ्यासमोर बसत तो म्हणाला.

"म्हणजे पहिला."

"पहिला याच्यानंतरचा."

"मग तुमचं वय काय धरायचं?"

"बत्तीस. म्हणजे बत्तीस पूर्ण, तेहतिसावं चालू. बघा, वय मोजताना सगळं जग शून्यापासूनच सुरुवात करतं. मी फक्त इतर बाबतींतही प्रामाणिक आहे."

"आणि मैत्रिणी? त्याही शून्यापासून मोजता?"

"त्या मोजायची वेळच आली नाही," तो कपात पाहत म्हणाला. मग वर पाहिले. "म्हणजे... अजून तरी."

मी घाईने उठले आणि माझे प्लास्टिकचे वाडगे ओव्हनमध्ये ठेवले. दोन मिनिटांनी त्याचे बूड वितळून आतल्या सुपासकट खाली बसले. त्याने चिमट्याने ते बाहेर काढले, उलटे केले आणि वाचले, "'ओव्हनमध्ये ठेवू नये.' बारीक अक्षरांत आहे. तुम्ही बारीक अक्षरं वाचत नाही का?"

"महत्त्वाचं असेल ते लोक मोठ्या अक्षरांत लिहितात."

"हे शास्त्रीय मत?"

"घरगुती."

तो हसला, पण का कोण जाणे, जरा जास्त वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्या दृष्टीत कौतुक होते, आणि आणखी काहीतरी होते. मला वाटले, माझ्या सुपाची कणव असावी.

मी ताईकडे राहत असे. ताई दंतवैद्य; समोरच्याला तोंड उघडायला लावणे हा तिचा व्यवसायच.

"काय करतो हा 'ब'?"

"मी जे करते तेच."

"मग बोलता काय?"

"त्याबद्दल सोडून सगळं."

"बरंय," ताई म्हणाली. "आमचं लग्न होऊन बारा वर्षं झाली, तेव्हा कुठे आम्ही त्या टप्प्याला आलो."

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी बसथांब्यापर्यंत जाताना आमच्यात एकच छत्री होती. ती त्याची होती आणि तिचा बराचसा भाग माझ्यावर होता. त्याचा उजवा खांदा पार भिजला होता. रस्त्यावरच्या दिव्यांचे पिवळे तुकडे पाण्यात हलत होते आणि आमची पावले एका लयीत पडत होती — योगायोगाने. त्याची पावले माझ्यापेक्षा बरीच लांब पडत, म्हणजे एका बाजूला प्रयत्न करावाच लागत असणार.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," तो म्हणाला.

"भिंगाबद्दल?"

"नाही."

"मग... तेही नको."

तो थांबला. छत्रीही थांबली. "का?"

"कारण मग तुमचा ठिपका माझ्या ठिपक्यावर पडावा असं मला वाटायला लागेल. आणि मला जे वाटतं तिकडे माझं मॉडेल झुकलं की काय, हे मला कधीच कळणार नाही."

"म्हणजे... वाटू शकतं?"

"असं मी म्हटलं नाही."

"नाकारलंही नाहीत."

"छत्री नीट धरा. कागद फोडेपर्यंत दोन विषय बंद. भिंग, आणि हा."

"दुसऱ्या विषयाला नाव तरी द्या."

"दुसरा विषय," मी म्हणाले. बस आली. सुटकेचा निःश्वास टाकत मी चढले आणि खिडकीतून, तो दिसेनासा होईपर्यंत, पाहत राहिले.

कागद सीलबंद करायला नऊ दिवस उरले होते आणि माझे मॉडेल हट्टाला पेटले होते. ठिपका एकच असेल तर भिंगाची आरशासारखी काम करणारी रेषा त्या दोन प्रतिमांच्या बरोबर मधून जायला हवी. माझी रेषा एका ठिपक्याच्या अंगावरून जात होती. ना धड दोन, ना धड एक. तीन दिवस मी अदृश्य वस्तुमानाचे ढीग इकडून तिकडे हलवले. चौथ्या दिवशी सकाळी, केवळ नाइलाज म्हणून, विळ्यावरच्या ठिपक्यांच्या जागांची यादी पुन्हा उघडली. ही यादी आम्हा दोघांनाही एकच दिलेली. तिच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक तळटीप होती: 'या यादीतील पिक्सेल एकपासून मोजले आहेत.'

समोरच्या समूहातल्या दीर्घिकांच्या जागा मात्र मी स्वतः मोजल्या होत्या आणि माझा प्रोग्राम, बहुतेक प्रोग्रामांप्रमाणे, शून्यापासून मोजतो. म्हणजे गेले नऊ आठवडे माझे भिंग आणि माझा विळा एकमेकांपासून एक पिक्सेल सरकलेले होते. कपाळावर हात मारून घेतला, यादीतल्या सगळ्या जागांतून एक वजा केला आणि गणित पुन्हा चालवले.

रेषा दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून गेली. तिसऱ्या ठिपक्याची जागाही निघाली: एका मोठ्या दीर्घिकेच्या ऐन झगमगाटात, जिथे जुन्या चित्रांत प्रकाशाखेरीज काहीच दिसत नव्हते. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तिसरी फेरी अर्धवट राहिली.

तो तर शून्यापासून मोजतो. चहाचे कपसुद्धा.

मी मॅडमकडे गेले. "सामायिक यादीत एखादी गोष्ट दुसऱ्याच्या लक्षात आली नसेल, तर ती त्याला कळवता येईल का?"

"यादीत चूक आहे?"

"यादी बरोबर आहे. वाचण्यात चूक होऊ शकते."

"मग ज्याची चूक, त्याची चूक," मॅडम म्हणाल्या, आणि अंमळ थांबून, मला तेव्हा न कळलेल्या स्वरात, "या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही हं. कोणीही विचारलं तरी," असे पुढे जोडले.

त्या दुपारी कँटीनमध्ये तो समोर बसला होता, आणि तळटीप माझ्या जिभेच्या टोकावर होती. एक शब्द पुरला असता. 'एक' हाच शब्द.

"आज काहीतरी गिळलंय तुम्ही," तो म्हणाला.

"चहा."

"चहाने माणूस इतकं दुःखी दिसत नाही."

मी दुःखी दिसत होते कारण मी गणित करत होते. सांगितले नाही, तर तो सर्वांदेखत चुकणार. आणि मला माहीत असूनही मी गप्प राहिले, हे त्याला आज ना उद्या कळणार. त्यानंतर दुसऱ्या विषयाचे काय व्हायचे ते उघड होते.

"सांगून टाक की," संध्याकाळी ताई म्हणाली. "जीव का जाळतेस?"

"सांगितलं की दोन मॉडेलं राहणार नाहीत, ताई. एक राहील, आणि दुसरी त्याची नक्कल. मग सर म्हणतील, तुम्ही ठरवून केलंत. आणि ते खरं असेल."

ताईने हातातले भांडे पुसून ठेवले. "बरं, ते सरांचं जाऊ दे. तू मदत केलीस म्हणून बरोबर आलेलं उत्तर त्याला चालेल?"

छत्रीबाहेर भिजणारा तो खांदा आठवला.

"नाही," मी म्हणाले. "त्याला नाही चालणार."

"मग गप्प राहा. कठीण आहे, पण भूल देऊन करण्यासारखं नाही हे."

मी गप्प राहिले. कागद सीलबंद करून दिला. पुढचे काही दिवस आम्ही कबुतरांवर आणि विमानांवर बोललो, आणि दोघांनाही घास उतरत नव्हता. तो का खात नाही हे मला उमगत नव्हते. मी त्याचा चेहरा वाचण्याचा प्रयत्न करी आणि दर वेळी वेगळे उत्तर येई.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत वीसेक माणसे जमली. बाहेर आभाळ राखाडी, मोठी खिडकी पांढुरकी उजळलेली. सर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मॅडमनी माझे पाकीट फोडले आणि पारदर्शक कागद काचेवर चिकटवला. चार कोपऱ्यांत चार फुल्या, मध्ये लाल ठिपका. मग त्याचे पाकीट फोडले. मॅडमनी फुलीवर फुली जुळवत त्याचा कागद माझ्या कागदावर ठेवला.

ठिपका एकच दिसत होता.

मला वाटले, त्याने जागेवर खूण केलीच नाही. मॅडमनी वरचा कागद बोटाने किंचित सरकवला. दोन ठिपके झाले. परत जागेवर आणला. एक.

खोलीत कोणीतरी शीळ घातली. आणि भर सभेत, दोन्ही बंद विषय विसरून, मी मोठ्याने म्हणाले, "तू तळटीप वाचली होतीस?"

"पहिल्याच दिवशी!" तोही उभा राहिला होता. "आणि तुम्ही? तुम्ही वाचलीत? कशी काय? ते वाडगं वितळलं त्या दिवसापासून मला झोप नाही! वाटत होतं, ही बाई तळटीप वाचणं शक्य नाही, आणि मला सांगता येत नाही..."

"मला वाटलं, तू शून्यापासून..."

"कप! कप शून्यापासून मोजतो मी! डेटा नाही!"

"दोघंही माझ्याकडे येऊन गेले," मॅडम सभेला उद्देशून शांतपणे म्हणाल्या. "काही आठवड्यांच्या अंतराने. प्रश्न शब्दशः तोच. उत्तरही तेच दिलं. आता दोघांनी खाली बसावं."

आम्ही बसलो. हशा ओसरल्यावर सर म्हणाले, "दोन हुशार माणसं मिळूनही चुकू शकतात." ते बरोबर होते. आमचे एकमत हा पुरावा नव्हता. ते फक्त एकमत होते. पुरावा पडद्यावर यायचा होता.

नव्या दुर्बिणीचे चित्र उघडले. आम्ही सांगितलेल्या जागी ती मोठी दीर्घिका नुसती झगमगत होती. मॅडमनी तिचा प्रकाश गणिताने वजा करायला सुरुवात केली. झगमगाट थराथराने उतरत गेला, जसे धुके उतरते. करडे... आणखी करडे... आणि आम्ही खूण केलेल्या जागी, जेमतेम केसभर डावीकडे, एक फिका, लहानसा, गोंडस ठिपका उरला. मॅडमनी त्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगवार फोड, शेजारी आणला. विळ्यावरच्या दोन ठिपक्यांच्या वर्णपटांशी तो रेघ न् रेघ जुळला.

एकच. तीनदा दिसणारा, पण एकच. टक्कर नव्हती. विश्व आजच्या एक चतुर्थांश वयाचे असताना तिथे एक दीर्घिका कुणालाही न गिळता, नुसत्या झिरपणाऱ्या वायूवर, शांतपणे मोठी होत होती. आणि ते आम्ही पाहण्याआधी सांगितले होते.

सर उठले. पडद्याजवळ जाऊन त्यांनी त्या ठिपक्याकडे इतक्या जवळून पाहिले की त्यांची सावली त्याच्यावर पडली.

"चौदा वर्षं मी ही टक्कर शिकवली," ते म्हणाले. "उत्तम शिकवली. फक्त ती झाली नव्हती." मग आमच्याकडे वळले. "आता बघत काय बसलात सगळे? टाळ्या वाजवा की!"

आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. मग सगळी खोली उभी राहिली. मी टाळ्यांच्या बाबतीत संशयी आहे, त्या संसर्गजन्य असतात. पण त्या दिवशीच्या टाळ्या मी पूर्ण ऐकल्या, शेवटची थांबेपर्यंत.

नंतर जिन्यात आम्ही दोघेच होतो. वरच्या काचेवर पाऊस हलकेच वाजत होता. तो माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उभा होता, त्यामुळे आमचे डोळे समोरासमोर आले होते.

"बंदी उठली," तो म्हणाला. "दोन्ही विषयांवरची."

"हो."

"अकरा आठवड्यांचं साचलंय. भिंगाचंही, आणि दुसरंही. आधी कोणतं?"

"आधी दुसरं."

त्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "माझी... माझी तयारी भिंगाची होती."

"मग मी सांगते." माझा आवाज मला वाटला होता त्याहून स्थिर निघाला. "मला तू आवडतोस. तुझा ठिपका आज चुकला असता तरी आवडला असतास. हे मी काल संध्याकाळी, निकाल कळण्याआधी, ताईसमोर सांगून ठेवलंय. साक्षीदार आहे. त्यामुळे ते ग्राह्य धरावं."

"अधिक-उणे किती?" त्याने विचारले. चष्म्यामागचे डोळे हसत होते.

"अधिक-उणे नाही."

असे विधान मी आयुष्यात प्रथमच करत होते. तो एक पायरी वर आला. मग आणखी एक. आता मला मान वर करावी लागली, आणि मी ती केली. त्याने माझा हात हातात घेतला. इतक्या जपून, की जणू कोणी बोट लावले तर सगळी मोजमापे हलतील.

"मी छत्रीतच सांगणार होतो," तो म्हणाला. "तू बोलू दिलं नाहीस."

"आता बोल."

वरच्या मजल्यावरून मॅडमचा आवाज आला, "अहो विजेते! लेखाचा मसुदा मला सोमवारी हवाय! वर येताय ना?"

"आलोच, मॅडम!" आम्ही एका सुरात ओरडलो, आणि दोघांपैकी कोणीही जागचे हलले नाही.